डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या आईला घड्याळ बघता येत होतं, पण भाकरी तव्यावर कधी टाकायची हे ती कधीच घड्याळावरून ठरवत नसे. बाबांची गाडी जूचंद्रच्या देवळाच्या वळणावर आली की पुढच्या डाव्या चाकातून टक् टक् असे दोन आवाज येत, एक वळताना आणि एक सरळ होताना. ते ऐकले की आई पीठ थापायला घ्यायची. बाबा गाडी लावून, पाय धुऊन, टॉवेलाने तोंड पुसत पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असे. सोबत खाडीतल्या निवट्यांचं नाहीतर सुकटीचं कालवण, आणि बाबांना हवा म्हणून चुलीत भाजलेला कांदा. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झाली होती, की तो गाडीच्या दुखण्याचा आवाज आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आता माझ्या सुनेच्या गाडीत जरा कुठे खुट्ट झालं की ती त्याच दिवशी सर्व्हिसिंगला देते. तेव्हा माझ्या मनात येतं, आमच्याकडे अशा आवाजावर स्वयंपाक चालायचा.

गाडी जुनीच घेतलेली होती. मुंबईच्या एका निवृत्त साहेबांनी ती वापरून वापरून दमवली आणि मग बाबांना दिली. बाबांचं खाडीकाठी मिठागर. गुडघाभर पाण्यात उभं राहून मीठ ओढणाऱ्या माणसाने सायीच्या रंगाची गाडी दारात आणली, याचं आमच्या आळीला फार कौतुक वाटलं. बाबा तिला गारी म्हणत. दर रविवारी सकाळी ते लुंगी खोचून गारीला आंघोळ घालायचे. घरच्या विहिरीचं पाणी आई देत नसे, ते प्यायचं होतं. म्हणून बाबा गाडी मिठागराकडे न्यायचे आणि तिथल्या मचूळ पाण्याने तिला वरून, खालून, चाकांच्या आतून खसाखसा धुवायचे. येताना डिकीत मिठाच्या दोन गोण्या असत. हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं इतक्या प्रेमाने केलं की तेव्हा कुणी त्यांना अडवलं असतं तर मला त्या माणसाचाच राग आला असता.

ही गाडी डावीकडे ओढायची. हात जरा सैल पडला की सरळ शेतात. म्हणून बाबा दोन्ही हातांनी स्टीयरिंग उजवीकडे खेचून धरत, आणि काही झालं तरी हात सोडत नसत. रस्त्यात कुणी हात केला तर ते फक्त मान हलवायचे. त्यामुळे गाडी घेतल्यापासून माणूस चढेल झाला अशी त्यांच्याबद्दल कुजबुज होती. नाकावर माशी बसली तर ते फुंकर मारून उडवायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझं लग्न विरारजवळ मनवेलपाड्याला ठरलं. तेव्हाचा मनवेलपाडा म्हणजे भातशेती आणि तिच्या कडेकडेने उगवायला लागलेल्या चाळी. स्थळ आमच्यातलंच, मुलगा मुंबईत हापिसात. मी एकुलती एक. सुपारी फुटली त्याच संध्याकाळी बाबांनी ओटीवर बसून जाहीर केलं, "सुमन आपल्या गारीनं सासरी जानार. मी चालवनार."

आईने सूप खाली ठेवलं. "बाप कदी पोरीच्या मागं सासरी गेलाय का? आपल्यात हाय का तशी रीत?"

"बाप म्हनून कनी सांगला? डायवर म्हनून जातंय मी. गारीला डायवर नको?"

"आनि गारी डावीकरं गेली म्हंजे? नवरी खाजनाच्या चिकलात?" आई म्हणाली. "पास्कू मेस्त्रीनं गारी बरी हाय असं माज्यासमोर सांगलं तरच पोर त्या गारीत बसंल. नायतर त्यांची गारी ईल, तीत जाईल."

आई एकदा असं बोलली की ते बदलत नसे. बाबा हसले, पण मला माहीत होतं, त्यांना ते लागलं. आणि खरं सांगायचं तर मलाही तीच गाडी हवी होती. शाळेत, जत्रेत, आजारपणात, सगळीकडे मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून गेले होते. परक्या गाडीत बसून ते घर सोडायचं ही कल्पनाच मला सोसत नव्हती. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. लग्न ठरलेल्या मुलीने गाडीसाठी रडणं शोभलं नसतं.

पास्कू मेस्त्रींचं गॅरेज वसई गावात, कोर्टामागच्या गल्लीत होतं. उंच, वाकलेला माणूस, गळ्यात क्रूस, कानावर पेन्सिल. बाबांचा आणि त्यांचा जुना स्नेह. लग्नाला आठवडा राहिला असताना ते आमच्या अंगणात आले, गाडीखाली सरकले, आणि बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत राहिले. मग पहार लावून खालचं काही काही हलवून पाहिल्याचे आवाज आले. शेवटी ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटावर पांढरी भुकटी होती. त्यांनी ती जिभेला लावली.

"मीठ," ते म्हणाले. "शिवराम, गाडी कशानं धुतोस तू?"

बाबांनी सांगितलं. मेस्त्रींनी आईकडे बघून नाही अशी मान हलवली. बाबांचा चेहरा मी विसरलेले नाही. जन्मभर मिठात काम केलेला माणूस, मीठ कुणाला खातं हे त्याला शिकवायला नको होतं. पण गाडी ही त्यांना लोखंडाची वाटतच नव्हती.

मग मेस्त्रींनी सांगितलं ते असं. पुढच्या प्रत्येक चाकाला तीन सांधे. चाक वरून आणि खालून धरणारे दोन बॉल जॉइंट, आणि स्टीयरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारा टायरॉडचा एक. म्हणजे दोन्ही बाजू मिळून सहा. पहार लावली की सगळेच थोडे थोडे हलल्यासारखे वाटतात. "सहाच्या सहा बदलायला माझी ना नाय," ते म्हणाले, "पन मिठानं सगळे नट धरलेत. खोलायला गेलो आनि एखादा बोल्ट आत तुटला, किंवा त्याच्याबरोबर ज्यात तो बसलाय तेच फुटलं, तर ते जुनं लोखंड मी आनू कुठून? गाडी लग्नाच्या दिवशी लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी दिसंल तुला. जितके कमी खोलू तितकं बरं. पन कुठले, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाय."

दुसऱ्या दिवशी बाबा मुंबईला गेले आणि सहाही सांधे नवे घेऊन आले. पुठ्ठ्याच्या खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेले. त्यांनी ते खोकं देव्हाऱ्यासमोर ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. आई म्हणाली, "पूजेनं नट सुटतात काय?" बाबा म्हणाले, "नवरीच्या गारीला जुने सांदे ठेवू मी?" पुढचे दोन दिवस दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. सुमे, तुझ्या बापाला सांग पानी तापलंय. सुमे, तुझ्या आयला सांग मना ऐकू आलंय.

याच दिवसांत मी अंगणात रांगोळीचा सराव करत होते. आमच्या गावात रांगोळी म्हणजे दारापुढची चार ठिपक्यांची नव्हे. आमच्याकडे पोरं-पोरी जमिनीवर माणसांचे चेहरे काढतात, जाळीच्या चाळणीतून रंग गाळून सावल्या भरतात, आणि एवढ्या बारकाईने की शेजारून जाणारा श्वास रोखून जातो. लग्नाच्या मांडवात माझी मी रांगोळी काढणार असा माझा हट्ट होता. त्या सकाळी मी शेणाने सारवलेल्या अंगणात पांढऱ्या भुकटीचा मोठा चौकोन सपाट गाळून ठेवला, आणि रंग आणायला आत गेले. तेवढ्यात बाबांनी गाडी बाहेर काढली आणि पुढची चाकं सरळ त्या चौकोनावरून नेली.

मी बाहेर येऊन पाहिलं आणि इतकी चिडले की रंगाचा डबा पायरीवर आपटला. बाबा गाडीतून उतरून "अगं नाय दिसला गो" म्हणत उभे. मी त्यांना काहीतरी बोलणार, तेवढ्यात माझी नजर खाली गेली. उजव्या चाकाने रांगोळीत टायरची नक्षी ठसठशीत उमटवली होती, प्रत्येक चौकट वेगळी दिसत होती. डाव्या चाकाने मात्र नक्षी पुसून टाकली होती. पावडर एका बाजूला ओढली गेली होती, ओल्या बोटाने रेघ फरफटवावी तशी. हात थरथरला की रांगोळीत नेमकं असंच होतं. मी कितीतरी पोरींची बोटं त्यासाठी सरळ केली होती.

"बाबा," मी म्हटलं, "डावा चाक चालत नाय, घसरतंय. उजवा बरा हाय."

बाबा उकिडवे बसले. त्यांनी दोन्ही ठसे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "मंग डावीकरचे तीन," ते म्हणाले. "त्यातला कनचा?"

मला तेव्हा जे सुचलं त्याचं आजही मला नवल वाटतं. नवल अशासाठी की मला गाडीतलं काहीच कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण कोरडी रांगोळी कुठे टिकते आणि कुठे तडकते, ते मला कळत होतं. मी बाबांना गाडी जॅकवर चढवायला लावली. रॉकेलच्या फडक्याने डावीकडचे तिन्ही सांधे पुसले. त्यांच्यावरची रबरं केव्हाच कुजून गेली होती, सांध्याची फट उघडी दिसत होती. तिथे बोटाने थोडंसं तेल लावून मी चाळणीतून पांढरी रांगोळी गाळली, अगदी डोळ्याची कड भरावी तशी सावकाश. फट झाकली गेली. आता सांधा खिळखिळा असेल तर रांगोळी तिथे फुटणार होती, आणि धड असेल तर तशीच राहणार होती. मग बाबा चाक हलवणार, मी खालून बघणार. पण चाक हलताना स्टीयरिंग घट्ट धरून ब्रेक दाबायला कुणीतरी हवं होतं, आणि घरात उरली होती फक्त आई.

आई जन्मात कधी पुढच्या सीटवर बसली नव्हती. ती पदर खोचून आली, आधी सीट झटकली, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि देवळात बसावं तशी बसली. "काय दाबू?" तिने मला विचारलं. बाबांनी मला सांगितलं, मी तिला. तिने दोन्ही हातांनी स्टीयरिंग असं धरलं की चक्रीवादळ आलं असतं तरी ते हललं नसतं. मी पोत्यावर उताणी गाडीखाली सरकले. आत अंधार, म्हणून शेजारच्या कमळीकाकूने माझ्या रुखवतातला आरसा उन्हात धरून आत उजेड पाडला. बाबांनी चाक वर-खाली धरून हलवलं. वरचा सांधा, रांगोळी जशीच्या तशी. खालचा सांधा, आणि पावडर झरझर माझ्या नाकातोंडात पडली. मी शिंकत होते आणि हसत होते. मग त्यांनी चाक आडवं धरून हलवलं. टायरॉडच्या सांध्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली आणि तिथेच राहिली.

"सापरला काय?" आईने वरून विचारलं. पाय अजून ब्रेकवर होता.

"दोन हायेत, आय. वरचा चांगला हाय."

"मंग मी उतरू का?"

मेस्त्रींना निरोप गेला. ते आले, मी परत सगळं करून दाखवलं, आणि मग त्यांनी तोच खेळ उजव्या बाजूला तीनदा केला. उजवीकडची रांगोळी जागची हलली नाही. ते बाहेर येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "पहारीनं मला हललेलं वाटलं ते मागचं रबर होतं, बुश. उजवीकडचे सांधे धड आहेत. चाळीस वर्षं हे काम करतोय, आनि ह्या पोरीनं मला चाळणीनं शिकवलं."

इथे सगळं मिटायला हवं होतं. पण बाबांना आता सहाही बदलायची घाई झाली. मेस्त्री आलेच आहेत, हत्यारं आहेत, सांधे देव्हाऱ्यासमोर ठेवलेले आहेत, मग निम्मं काम कशाला. त्यांच्या दृष्टीने पोरीच्या लग्नात जुनं काही ठेवणं म्हणजे हात आखडणं होतं. मेस्त्री हत्यारं पुसायला लागले. गिऱ्हाईक म्हणेल तसं, असा त्यांचा चेहरा. मी म्हटलं, "बाबा, जे चार धड हायेत ते खोलताना एक जरी तुटला तरी मी त्यांच्या गारीनं जाईन. तुमाला तेच हवं हाय का?" मला रडायचं नव्हतं, पण रडू आलं. आई दारात उभी होती. ती बाबांशी दोन दिवसांनी पहिल्यांदा सरळ बोलली. "पोर सांगतंय तसं करा."

बाबांनी खोक्यातून दोन सांधे काढले आणि बाकीचे चार परत कागदात गुंडाळले. ते चार आजही माझ्याकडे आहेत, पिठाच्या डब्यामागे. गाडी जाऊन कितीतरी वर्षं झाली. सून अधूनमधून विचारते, हे काय लोखंड सांभाळून ठेवलंय. मी तिला सांगते, माझ्या माहेरचं आहे.

टायरॉडचा सांधा अर्ध्या तासात निघाला. खालचा बॉल जॉइंट मात्र निघेना. मेस्त्रींनी त्याला दोन दिवस रॉकेलने भिजवला, तापवला, ठोकला, पुन्हा भिजवला. तोवर हळदीचा दिवस उजाडला. हळद लागल्यावर मला उंबरठ्याबाहेर जाता येईना. आत धवलारीण लग्नाची गाणी गात होती, बायका वडे तळत होत्या, माझ्या अंगभर हळद, आणि माझा एक कान अंगणाकडे. घण पडत होता, थांबत होता, परत पडत होता. प्रत्येक वेळी थांबला की मला वाटे, तुटला. शेवटी एकदा काहीतरी जड दगडावर पडल्याचा आवाज झाला आणि पुढे काहीच ऐकू येईना. धवलारीणसुद्धा थांबली. मग बाबांचा आवाज आला, "निघाला गो, सुमे. आखा निघाला." मी पिवळ्या हातांनी चेहरा झाकून घेतला. बायकांना वाटलं, मी सासरच्या आठवणीने लाजले.

संध्याकाळपर्यंत नवे सांधे बसले. मेस्त्रींनी गाडी आळीतून दोनदा फिरवली, मग आईसमोर उभे राहून टोपी काढून म्हणाले, "वहिनी, गाडी बरी आहे." आईने त्यांना वडे आणि मटणाचं ताट वाढलं. बाबा स्वतः एक फेरी मारून आले, आणि दारात येऊन उभे राहिले तरी आईचं पीठ परातीतच होतं. देवळाच्या वळणावर काहीच वाजलं नव्हतं. "आता तुमी आलात ते मना कसा कलनार?" ती वैतागून म्हणाली. पुढे कितीतरी दिवस आई अंदाजानेच आधी थापायची आणि बाबांना थंड भाकरी मिळायची असं ऐकलं.

लग्न झालं. पाठवणीला आई रडली, काकू रडली, मी तर रडलेच. बाबा रडले नाहीत. ते पांढरा सदरा आणि खांद्यावर टॉवेल अशा वेषात आधीच गाडीत जाऊन बसले होते आणि आतून काच पुसत होते. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "मी डायवर हाय." पाठराखीण म्हणून मावशी पुढे बसली, मागे मी आणि आमचे हे.

बापाण्यावरून गाडी हायवेला लागली. ट्रक जात होते, बाबा दोन्ही हातांनी स्टीयरिंग धरून बसले होते, जुन्या सवयीने उजवीकडे खांदा कलवून. जरा वेळाने आमचे हे हळूच म्हणाले, "आरामशीर चालते की गाडी." त्यांना काय ठाऊक.

विरार फाट्याला वळल्यावर रस्ता मोकळा झाला. तेवढ्यात बाबांचा डावा हात स्टीयरिंगवरून सुटला. मी दचकून समोरची सीट धरली. इतक्या वर्षांत मी तो हात कधी सुटलेला पाहिला नव्हता, आणि हात सुटला की गाडी शेतात जाते एवढंच मला माहीत होतं. बाबांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि डोळे पुसले. आधी एक, मग दुसरा, सावकाश. गाडी सरळ चालली होती.

"बगतंस का, सुमे?" ते मागे न वळता म्हणाले. "एका हातानं चाललीय."

"बगतंय, बाबा," मी म्हटलं.

तो हात त्यांनी परत स्टीयरिंगवर ठेवला नाही. मनवेलपाडा येईपर्यंत तो टॉवेलापाशीच होता.